मे महिन्याची नोंद

परवा शेतात केशर आंब्याची बारा कलमं लावायला खड्डे घेत होतो. पुतण्या बांधावर बसून मोबाईल बघत होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे, वाचन दांडगं आहे. शेणखत टाकायला हाक मारली तसा उठला, घमेलं उचललं आणि म्हणाला, "काका, दोन हजार पन्नासला हितं माणूस तरी राहणार हाय का? पाणी न्हाई, तेल न्हाई, काहीच न्हाई. आंबे कुणासाठी लावलालाव तुम्ही?"

तो चेष्टा करत नव्हता. डोळ्यांत खरी काळजी होती. लग्न करायचं नाही, शेतात पैसा घालायचा नाही, जमेल तितक्या लवकर परदेशात निघून जायचं, असं त्याचं ठरत आलंय. मला राग आला नाही. पोटात मात्र गोळा आला, कारण हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. याआधी दोनदा ऐकलाय. एकदा बापाच्या तोंडून आणि एकदा स्वतःच्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आमचा भाग तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता, लातूर जिल्हा १९८२ ला झाला. आधीची दोन वर्षंही पाऊस हुलकावण्या देत होता, बहात्तरला त्यानं पाठच फिरवली. माय आणि थोरली बहीण दुष्काळी कामावर जायच्या. कामावर सुकडी मिळायची, माय आपल्या वाटणीची पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. तिचा गोडसर, जरा करपल्यासारखा वास अजून नाकात आहे. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी यायची, मिलो. तिची भाकरी थापता थापता फाटायची.

अण्णांकडे, म्हणजे माझ्या बापाकडे, देवणी बैलांची जोडी होती. आज्ज्यानं गोऱ्हे असल्यापासून वाढवलेली. तेव्हा आखाड्यावर कडब्याची गंजी निम्मी तरी शिल्लक होती, हे मुद्दाम सांगतोय. वैरण संपली म्हणून बैल विकले असते तर वेगळी गोष्ट होती, कितीतरी जणांवर ती पाळी आली. अण्णांनी वैरण असताना विकले. चैत्रात एका पहाटे जोडी घेऊन ते हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला निघाले. आज्जा दारात आडवा उभा राहिला. अण्णा त्याला म्हणाले, "आता हितं पाऊस पडायचा न्हाई. बैल काय शोभंला बांधू?" बाजारात सगळे विकणारेच. मिळेल त्या भावात जोडी गेली. तिसऱ्या दिवशी अण्णा परत आले ते खांद्यावर नुसते कासरे टाकून. कासरे त्यांनी खुंटीला अडकवले आणि कुणाशी न बोलता झोपले.

त्या साली मृगात पाऊस आला. चांगला आला. तिफण होती, बियाणं होतं, रानाला वाफसा होता, बैल नव्हते. ज्यांनी कशीबशी जनावरं जगवली होती त्यांची पेरणी उरकल्यावर त्यांच्या हातापाया पडून अण्णांनी बैल मागून आणले. आमचं रान सगळ्यांच्या मागून, तीन आठवडे उशिरा पेरलं गेलं. त्यानंतर पाच वर्षं आमच्या दावणीला स्वतःची जोडी नव्हती.

अण्णांनी डोळ्यांनी पाहिलेलं काही खोटं नव्हतं. विहीर ठणठणीत कोरडी होती, रानाला हात हात भेगा होत्या. पण चैत्रातल्या विहिरीकडे बघून त्यांनी पुढच्या सगळ्या वर्षांचा निकाल लावला. आणि दुसरी एक गोष्ट त्यांना दिसलीच नाही, जी मलाही कळायला फार वर्षं लागली. ते "सगळं संपलं" म्हणत होते त्याच महिन्यात माय गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाची माती वाहत होती. तो तलाव आजही आहे. त्याच्या खालच्या सात-आठ विहिरी त्याच्या जिवावर चालतात, त्यात एक आमची. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशी दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नाला बांध, तलाव. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात कसाला लागली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. पुढे देशभर गेलेल्या रोजगार हमीचं मूळ त्या टोपल्यांमध्ये आहे. घरात एकाच छपराखाली एक माणूस संपलेलं मोजत होता आणि दुसरं माणूस नवं काहीतरी उभं करत होतं. मायला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, मी पोटासाठी जाते, बाकी मला काय कळतंय.

नव्वदच्या सुमाराला, भूजल खात्यात नोकरीला असताना, खात्याच्या प्रशिक्षणाला पुण्यात गेलो होतो. तिथल्या एका वरिष्ठांनी मला पॅडॉक बंधूंच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. विल्यम पॅडॉक शेतीशास्त्रज्ञ, पॉल पॅडॉक मुत्सद्दी, दोघे अमेरिकन. १९६७ साली त्यांनी लिहिलं की १९७५ पर्यंत जगात प्रचंड उपासमार होणार, अमेरिकेचं धान्य सगळ्यांना पुरणार नाही. मग लढाईतल्या जखमींची विभागणी करतात तशी देशांची करावी: आपले आपण सावरतील ते, मदत दिली तर वाचतील ते, आणि काही केलं तरी वाचणार नाहीत ते. भारत त्यांनी तिसऱ्या रांगेत बसवला होता. भारताला धान्य पाठवणं म्हणजे ते वाया घालवणं.

मी त्या रात्री वसतिगृहात झोपू शकलो नाही. मिलोची भाकरी खाणारा तो पोरगा, पदरात सुकडी बांधून आणणारी माय, आम्ही त्या तिसऱ्या रांगेतले होतो. आणि ती दोन माणसं दुष्ट नव्हती. त्यांच्याकडे आकडे होते. १९६५-६६ ला देशात जेमतेम ७ कोटी २० लाख टन धान्य पिकलं होतं, अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसायची वेळ होती, लोकसंख्या ५० कोटींच्या आसपास आणि वाढत चाललेली. त्या आकड्यांची रेघ सरळ पुढे ओढली तर मरणच दिसतं. पण त्यांचं लिखाण छापून येण्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ ला, भारतानं मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं होतं. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते, एम. एस. स्वामिनाथन आणि नॉर्मन बोरलॉग या शेतीशास्त्रज्ञांनी त्या गव्हासाठी रान उठवलं होतं. आमच्या ज्वारीचं संकरित वाण, सीएसएच-१, तर १९६४ लाच आलं होतं. गावात 'हायब्रीड' म्हणून त्याला नावं ठेवायचे, भाकरीला चव नाही म्हणायचे, पण कणगी भरायची. आज देशात धान्य ३३ कोटी टनांच्या वर पिकतं आणि माणसं १४० कोटींच्या वर आहेत. पॅडॉक बंधूंचं कुणी ऐकून जहाजं थांबवली असती तर त्यांचं भाकीत त्यांच्याच सल्ल्यानं खरं झालं असतं. हा विचार मला आजही सोडत नाही.

आता माझ्या स्वतःबद्दल.

१९८४ ला मी भूजलाच्या कामाला लागलो आणि ३५ वर्षं तेच केलं. ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. विहिरीच्या कठड्यावर रंगानं क्रमांक टाकलेला असतो आणि मोजायची जागा ठरलेली असते, दर वेळी टेप तिथूनच सोडायचा. पोलादी टेपच्या खालच्या मीटर-दीड मीटरला खडू घासायचा. टेप हळूहळू सोडायचा, पाण्यात थोडा बुडू द्यायचा, ठरलेल्या खुणेवरचा आकडा वाचायचा, मग वर ओढायचा. जिथपर्यंत खडू भिजून काळपट होतो तो आकडा पहिल्यातून वजा केला की पाण्याची खोली मिळते. उन्हात खडू लगेच वाळतो, म्हणून वर काढल्या काढल्या वाचावं लागतं. मी ते ओरडून सांगायचो आणि सोबतचा माणूस वहीत लिहायचा.

या कामानं एक गोष्ट हाडात मुरते. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला मांजऱ्या दगड आणि मग काळा पाषाण. पाणी धरून ठेवणारी जागा म्हणजे तो मुरूम आणि वरच्या भेगा. हा रांजण लहान आहे. हिवाळा संपेपर्यंत उपसून निम्मा होतो, मे महिन्यात तळ दिसतो, आणि बरा पाऊस झाला की एकाच हंगामात परत भरतो. मे आणि ऑक्टोबरच्या नोंदीत दहा-बारा मीटरचा फरक मी कितीदा लिहिलाय. म्हणून नवीन पोरांना पहिल्या दिवशी आम्ही सांगायचो: एका मेची नोंद दुसऱ्या मेशी लावून बघा, ऑक्टोबरची ऑक्टोबरशी. तीसेक वर्षं हे लोकांना सांगणारा मी, २०१६ ला माझा बाप झालो.

२०१४ आणि २०१५, दोन्ही पावसाळे वाया गेले होते. मांजरा धरणात थेंब नव्हता. मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागली. नळाला पाणी कधी आलं होतं ते लोक विसरले होते, रात्री दोनला टँकरच्या आवाजानं गल्ली जागी व्हायची. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका फेरीला २५ लाख लिटर. पहिली गाडी बघायला मी स्टेशनला गेलो होतो. लोकांनी हार घातले. मला मात्र रडू आलं. रेल्वेनं पाणी आणावं लागणारं शहर किती दिवस टिकणार? घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "लातूर संपलं." मुलगा पुण्याहून रोज फोन करत होता, घर विकून या. फोनवर येणारे संदेश सगळे त्याच सुरातले: पाच वर्षांत मराठवाड्याचं वाळवंट, पुढचं महायुद्ध पाण्यावरून. मी ते वाचायचो आणि पुढे पाठवायचो. घराला गिऱ्हाईक बघून ठेवलं. माझ्याच वहीत १९८७ पासूनच्या मेच्या नोंदी होत्या, त्या कपाटात पडून राहिल्या.

आणि मी बोअर घेतला. हे सांगायला मला जड जातं. मला माहीत होतं की वरचा रांजण भरतो, पण पाषाणातल्या खोल भेगांमधलं पाणी वर्षानुवर्षं साठलेलं असतं आणि सहजी भरून येत नाही. भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरच्या खाली खोदायला मनाई आहे, म्हणजे सुमारे २०० फूट, त्यामागचं कारण हेच. आमचं गाव अधिसूचित नव्हतं, पण कारण तर तेच लागू होतं. तरी शेजाऱ्यानं ६०० फूट मारला म्हणून मी ६५०. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरला, नारळ उभा राहिला तिथं दगड ठेवला. तामिळनाडूच्या पाटीची गाडी रात्री अकराला आली. पहाटेपर्यंत भोकातून पांढरी भुकटी उडत राहिली. अंगण, तुळस, दोरीवरची लुगडी, सगळं पांढरं. चारशे फुटांवर थोडी ओल लागली, पुढे नुसता धुरळा. मिस्त्री विचारायचा, अजून? मी म्हणायचो, अजून. त्या वेळी मला एवढंच वाटत होतं की पाणी संपायच्या आत आपला वाटा काढून घ्यावा.

त्या महिन्यात आमच्या शिवारात अकरा बोअर झाले. त्यातल्या दोनांना पाणी लागलं आणि त्या दोनांनी गावच्या हातपंपाचं पाणी ओढून घेतलं. कुणीही वाईट माणूस नव्हता. प्रत्येकाला खात्री पटली होती की आता संपणारच आहे, आणि खात्री पटली की मग राखून ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. उद्या नाहीच म्हटल्यावर आज उपसून घ्यायचं. माझ्या नोकरीत मी भूजल घटायची कारणं लिहायचो: ऊस, विजेचे पंप, कमी पाऊस. ही धास्ती त्या रकान्यात कधी लिहिली नाही. लिहायला हवी होती.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी पाऊस झाला आणि मांजरा धरणात पाणी आलं. ऑक्टोबरच्या फेरीला निघालो. मेमध्ये जिच्या तळाला टेप टेकला होता, त्या विहिरीवर वाकलो तर पाण्यात माझा चेहरा दिसला. २.१० मीटर. सोबतच्या माणसानं दोनदा विचारलं, साहेब बरोबर वाचलं ना? मी कठड्यावर बसून राहिलो. खुंटीवरचे कासरे आठवले. घराचा व्यवहार मी त्याच आठवड्यात मोडला. रेल्वे आली तेव्हा देशभरचे कॅमेरे लातुरात होते. विहीर भरली तेव्हा तिथं आम्ही दोघं होतो आणि एक म्हातारी शेळ्या राखत होती.

म्हणून सगळं ठीक आहे असं मला म्हणायचं नाही. उसाखालचं रान बघून मला अजून धडकी भरते. पाऊस बदललाय, माझ्या नोंदीतही ते दिसतं: पावसाचे दिवस कमी, आणि महिन्याचं पाणी एका रात्रीत. काही गोष्टी खरंच संपतात. अरल समुद्र माणसांनीच आटवला. पुतण्या तापमानवाढीबद्दल जे सांगतो ते मी खोडून काढत नाही. माझं भांडण त्याच्या आकड्यांशी नाहीच, त्यावरून तो ज्या निकालावर उडी मारतो त्याच्याशी आहे.

कारण धोक्याची हाक देण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. १८९८ साली ब्रिस्टलला विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञानं भर सभेत सांगितलं की गहू कमी पडणार आहे, आणि खतासाठी ज्यावर आपण जगतोय तो चिलीचा सोरा संपणार आहे. पण तो तिथंच थांबला नाही. हवेत नत्राचा अथांग साठा आहे, तो पकडायची रीत शोधा, हे काम रसायनशास्त्रज्ञांचं आहे, असंही त्यानं त्याच भाषणात सांगितलं. १९०९ ला फ्रिट्झ हाबरनं ते प्रयोगशाळेत करून दाखवलं, १९१३ ला कार्ल बॉशच्या हाताखाली जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. माझ्या कोठीतली युरियाची गोणी त्या वाटेनं आलेली आहे. दुसरीकडे स्टॅन्ले जेव्हन्स. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ. इंग्लंडचा कोळसा परवडेनासा होऊन देशाची भरभराट थांबेल, असं त्यानं १८६५ ला मांडलं. पुढच्या काळातल्या केन्स या अर्थशास्त्रज्ञानं नोंदवलंय की कागदही संपेल या भीतीनं जेव्हन्सनं घरात कागदाचा इतका साठा केला की तो वारल्यावर पन्नास वर्षांनीही त्याच्या मुलांना तो संपवता आला नव्हता. मला त्या मुलांची फार दया येते. बापाची भीती कपाटात रचून ठेवलेली, आणि ती आयुष्यभर वापरत बसायची.

क्रुक्ससारखं मी आमच्याकडे बघितलं ते हिवरे बाजारला. नगर जिल्ह्यातलं पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस आमच्यापेक्षा कमी. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं डोंगर अडवले, आणि शेतीसाठी बोअर बंद केले. ऊस आणि केळीही बंद. गावात पर्जन्यमापक आहे. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: इतका पाऊस पडला, इतकं पाणी मुरलं, माणसाजनावरांना इतकं, उरलं त्यात अमुक पिकं घ्यायची. पाऊस कमी झाला तर पेराही कमी. मी तिथं गेलो तेव्हा फळ्यावर खडूनं लिहिलेला तो हिशोब बराच वेळ बघत उभा होतो. आम्ही खडूनं तेच मोजत होतो, तेही इतकी वर्षं. फक्त आमचे आकडे वहीत जायचे आणि त्यांचे गावासमोर.

हे सगळं पुतण्याला त्या दिवशी मी नीट सांगू शकलो नाही. अण्णांचे कासरे सांगितले, तो म्हणाला, "तवाची गोष्ट येगळी व्हती काका." असेल. मी वाद घातला नाही. बारापैकी सात कलमं आम्ही लावली, उरलेली दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं. पण संध्याकाळी जुना टेप काढला आणि त्याला म्हणालो, चल माझ्यासोबत.

आमची विहीर, पाझर तलावाखालची. खडू त्यानंच घासला, जरा जास्तच. टेप त्यानं सोडला, मी खुणेवरचा आकडा वाचला. वर ओढताना टेप काठाला घासला म्हणून पुन्हा सोडायला लावला. दुसऱ्यांदा ओली रेघ स्वच्छ आली. त्यानं मोबाईलच्या उजेडात वाचली, वजाबाकी तोंडी केली. ८.६५. वहीचं पान उलटून मी त्याला त्याच विहिरीचे आधीचे मे दाखवले, १९८७ पासूनचे. तो बराच वेळ बोट फिरवत खाली खाली येत राहिला. २०१६ वर थांबला, तिथं मी फक्त 'कोरडी' लिहिलंय. त्याच्या खालची ऑक्टोबरची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली. मग म्हणाला, एकोणनव्वदपेक्षा आजची नोंद वाईट आहे, पण दोन हजार चारच्या मानानं बरी आहे, असं कसं? मी म्हणालो, तेच शोधायचंय. चार साली तलावात गाळ किती होता, वर ऊस किती होता, हे बघावं लागेल.

या मेची नोंद त्याच्या अक्षरात आहे. ऑक्टोबरला तो मुलाखतींसाठी पुण्यात असेल. माझे गुडघे आता कठड्यावर वाकू देत नाहीत, तेव्हा टेप धरायला गावातलं कुणीतरी बघून ठेवावं लागेल. शाळेतल्या गुरुजींना विचारलंय, आठवीतली दोन पोरं देतो म्हणाले.